दीड इंच

दिवाळी उतरली की
परतूरच्या स्टेशन रोडला, आमच्या पत्र्याखाली
अकरा कोट येतात एका गाठोड्यात.
लाल कोट, पिवळी कलाबतू,
खांद्यावरच्या झालरी निम्म्या गळालेल्या.
गाठ सोडली की दुकानभर
गेल्या उन्हाळ्यातल्या लग्नांचा घाम.

तुळशीचं लग्न लागायच्या आत द्या, म्हणतो सटवाजी.
बँड त्याचा, क्लॅरनेटही त्याचंच.
कोट आटलेत म्हणतो.
मी मान हलवते.
इतक्या वर्षांत माझ्याकडं
सुटलेलं पोट घेऊन कुणीच आलं नाही,
आलं ते आटलेलं कापड.

टेप लावला की माणूस श्वास धरतो.
तहसीलमधले कारकून धरतात,
होमगार्डचा लिंबाजी धरतो,
हळदीच्या दिवशी ब्लाउज घेऊन पळत आलेली
नवरीची आत्यासुद्धा.
मी टेप धरून उभी राहते,
नळाला पाणी यायची वाट बघावी तशी.
किती वेळ धरंल?
सुटतो.
मग खरा आकडा घेते,
मोठ्यानं म्हणत नाही, वहीत लिहिते.

सटवाजीला मात्र म्हटलं,
कोट घालून फुंकून दाखवा.
त्यानं पेटी उघडली, दुकानातच
एक लांब सूर ओढला,
आणि कंबरेचं बटण उडून
टण्णकन इस्त्रीवर.
"हेच झालं मंठ्याच्या वरातीत.
दम पोटातून येतो ताई,
अन् मपल्या पोटालाच कुलूप."

कोट उलटा केला, अस्तर उसवलं.
आत माया होती.
शिवणीच्या पोटात दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला
आमच्या धंद्यात मायाच म्हणतात.
रेडिमेडवाले ठेवत नाहीत,
पाव इंचावर कापून ओव्हरलॉक मारतात.
त्यांचं तरी काय चुकलं,
त्यांना कुठं माहीत कोण घालणार.

हे कोट खाजामियाँ मास्टरांच्या हातचे.
मी तेव्हा त्यांच्याकडं काज करायची,
एका काजाला आठ आणे.
विचारलं होतं, मास्टर,
एवढं कापड आत कामून दडवता?
दोरा दातानं तोडत म्हणाले,
"खायेंगे-पियेंगे लोगां. फैलेंगे."
आता त्यांना दिसत नाही.
नमाजाला जाताना दारात थांबतात,
मशीन ऐकतात,
आणि टाका मोठा पडतोय म्हणून सांगतात. पडत असतोच.

दीड इंच सोडलं.
आतला लाल निघाला निराळाच.
बाहेरचा विटून पार विटकरी,
आतला ठाण उलगडावं तसा,
एकोणीस उन्हाळे त्याच्या गावीही नाहीत.
आणि दोन्हींच्या मधून भोकांची रांग.
शिवण उसवता येते, भोकं नाही.

"हे दिसंल?"
दिसंल.
"सेलू, आष्टी, वाटूर, सगळीकडं?"
सगळीकडं. वरून कलाबतू मारून देऊ?
त्यानं बोट फिरवलं त्या पट्टीवरून.
"ऱ्हाऊ द्या. लोक नवरी बघत्यात.
मला कोण बघतंय?"

अकरावा कोट खुळखुळेवाल्या पोराचा.
तो चौथा मालक.
एकासाठी सोडला, दुसऱ्यासाठी आवळला, पुन्हा सोडला;
आता आत काहीच शिल्लक नाही.
पोरगं तर वाढतंच आहे.
चिंध्यांच्या पोत्यात तासभर हात घातला,
शेवटी माझ्याच एका जुन्या ब्लाउजची बाही सापडली.
लाल. त्या लालसारखी नाही,
पण काखेखाली कोण जातंय बघायला.
दोन पाचरी बसवल्या. पैसे दहांचेच लावले.

परवा वरात गेली दारावरून.
जनरेटरची गाडी, डोक्यावर दिवे धरलेल्या बायका,
आणि सटवाजी. गाल फुगलेले, डोळे मिटलेले.
सूर चढताना
बरगडीखालची गडद पट्टी रुंदावायची,
उतरताना मिटायची.
बटण जागेवर होतं.

मी पायटा थांबवला नाही.
माझ्या ब्लाउजला डाव्या अंगाला
दोन महिन्यांपासून सेफ्टीपिन आहे.
ते उद्या.